क्लोरोबेंझिनची पहिली बॅच

मामा सव्वीस वर्षं केमिकल कारखान्यात नायट्रेशनवर, म्हणजे नायट्रिक ॲसिडच्या रिॲक्शनवर होते आणि त्यांच्या मते थर्मामीटर हे नवख्यांसाठी असतं. भांड्याला तळहात लावला की आत काय चाललंय ते त्यांना कळे. आजवर भांड्यात टोल्युइन असायचं. ॲसिड पडायला लागलं की लगेच ऊब जाणवायची. आज पहिल्यांदाच क्लोरोबेंझिन होतं आणि शिफ्टची केमिस्ट म्हणून पहिल्यांदाच त्यांची भाची उभी होती. तिला ते कारखान्यातही 'चिमे' म्हणत.

पाऊण तास झाला तरी भांडं गारच. मामांनी नाक मुरडलं आणि ॲसिडचा व्हॉल्व्ह आणखी दोन आटे उघडला.

भाचीने थर्मामीटरच्या काट्याकडे पाहिलं. क्लोरीन बेंझिनच्या कड्यातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून धरतं, म्हणून रिॲक्शन रेंगाळते आणि ॲसिड नुसतं साठत जातं. ते सगळं एकदम रिॲक्शनला लागलं तर भांडं आवरणार नव्हतं. हे तिला पाठ होतं. पण ज्यांनी तिला बोट धरून शाळेत नेलं, त्यांना चारचौघांत अडवायचं कसं, ते कुणी शिकवलं नव्हतं.

"मामा, व्हॉल्व्ह बंद करा."

"अगं, सुरू तर होऊ दे."

"बंद करा. पूर्ण."

मामांनी व्हॉल्व्ह बंद केला. ॲसिडचा थेंबही पडत नव्हता, तरी दहा मिनिटांत काटा चढायला लागला. मामांनी तळहात टेकवला आणि झटकन मागे घेतला. तिने भांड्याभोवतीच्या जॅकेटमध्ये गार पाणी पूर्ण सोडायला लावलं. काटा धोक्याच्या लाल रेघेच्या दोन अंश अलीकडे थबकला, मग सावकाश उतरला.

संध्याकाळी नमुन्याचा निकाल आला. ॲसिडमधून कड्यावर आलेला नायट्रो गट बहुतेक क्लोरीनच्या समोरच्या जागी, बाकीचा शेजारी. मधल्या जागी नावालाच. जे ओढून धरतं तेच जागा कशी दाखवतं, असं मामांनी कुरकुरत विचारलं. तिने सांगितलं, की एरवी क्लोरीन हात आखडतं, पण नवा गट समोर किंवा शेजारी चिकटायला लागला की आपली इलेक्ट्रॉनची जोडी पुढे करून सावरून घेतं.

"म्हणजे आधी अडून बसायचं, मग सांभाळून घ्यायचं," मामा म्हणाले. "तुझ्या मामीला सांगू नकोस. म्हणेल, हे तर आमच्या ह्यांचंच वर्णन."

दुसऱ्या दिवशी मामांनी आधी थर्मामीटर वाचला. मग व्हॉल्व्हवर हात ठेवून सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, उघडू का?"

तिला बरं वाटलं आणि थोडं वाईटही.

"अर्धा आटा," ती म्हणाली.