करंगळीतली जोडवी

एमआरआय झाला मालनबाईच्या डोक्याचा आणि दुखायला लागलं तिच्या थोरल्या जावेचं, साखराबाईचं.

मालनबाई यंत्राचं थोडकंच सांगायची. "आत जाताना अंगावरचं समदं काढलं बाई. भाईर आले, तर ह्यांनी भर दवाखान्यात खाली बसून माझ्या पायात जोडवी घातली, गळ्यात मंगळसूत्र बांधलं. माणसं बघत हुती!"

सिरसाळ्यातल्या बायकांनी हे अकरा वेळा ऐकलं. साखराबाईनं मोजलं होतं. दीर सर्जेराव खाली बसतो काय, जोडवी घालतो काय! तिच्या बंकटनं मेंढ्यांच्या गळ्यात घुंगरं बांधली, पण बायकोच्या हातात चाळीस वर्षांत बांगडी चढवली नव्हती.

मग तिनं डोकं धरून असं काही कण्हायला घेतलं, की मेंढरंसुद्धा चरायची थांबली. डॉक्टर म्हणाले, "एकदा बघून घेऊ."

अंबाजोगाईला दवाखान्यात नर्सनं विचारलं, अंगात कुठं लोखंडी स्क्रू, पट्टी? मग पिनांपासून सगळं काढायला लावलं. जोडवी साबणानं निघाली. साखराबाईनं दागिने बंकटच्या ओंजळीत घातले.

"भाईर आल्यावर कुणी घालायचं, ठावं हाय ना?"

"कुणी? नर्सबाईनं?"

ती दात खाऊन आत गेली. कानात बोळे, तोंडावर पिंजरा, हातात रबरी फुगा. घाबरलात तर दाबा, पण डोकं हलवू नका. फळी बोगद्यात सरकली आणि ठकठक, घरघर सुरू झाली, जणू तीन मळणीयंत्रं उशाशी भांडतायत. दुखत काहीच नव्हतं. अर्धा तास ती डोळे मिटून एकच बघत होती: बंकट, खाली बसलेला.

बाहेर आली, तर बाकाभोवती ही गर्दी! एक्स-रेची रांग मोडून माणसं आलेली. मधोमध बंकट. गळ्यात तिचं मंगळसूत्र, पटक्यात पिना आणि दोन्ही करंगळ्यांत जोडवी, घट्ट अडकलेली.

"आवो, हे काय!"

"खिसा फाटका हाय. चोरी झाली मंजी?"

साखराबाईला रडूच आलं. तेवढ्यात नर्स साबण घेऊन धावली. साखराबाईनं गर्दीवर नजर फिरवली. मालनबाईची जोडवी बघायला एवढी माणसं कुठून आली असणार?

"राहू द्या साबण," ती म्हणाली. "घरी काढू."

सिरसाळ्यात जीपमधून उतरल्यावर तिनं बंकटला तसंच मालनबाईच्या दारावरून नेलं, तेही दोनदा.

मालनबाईनं आधी भाऊजींच्या करंगळ्या बघितल्या, मग वळून नवऱ्याकडं.

"आन् तुमी? माझं समदं नुसतं रुमालात बांधून ठिवलंत!"