शारदेनं बंद केलेला धडा

मच्छे गावच्या कारखान्यांमागे, उसाच्या बांधाला लागून पत्र्याची एक शेड आहे. गेल्या फेब्रुवारीत एका रविवारी मी तिथं पोचले, तेव्हा रांग शेडमधून बाहेर पडून पार रस्त्यावर आली होती. रांगेत सगळी दहावीची पोरं, सोबत आया, कुणाचे वडील, कुणाची आजी. प्रत्येकाच्या हातात नारळ आणि पुस्तकांची पिशवी. निपाणीहून तर एक टेम्पो भरून आला होता. चहाच्या गाड्यावर एकजण दुसऱ्याला सांगत होता, "गेल्या साली कडोलीच्या आदर्शला आप्पांनी सांगितलेलेच धडे आले. पोरगं फर्स्ट क्लासमधी गेलं."

"आनि अभ्यास केलता का त्यानं?"

"केलता की. पन निम्माच."

तो 'निम्माच' ऐकून आजूबाजूच्या बायका जवळ सरकल्या.

मी वडगावातल्या एका मराठी हायस्कुलात विज्ञान शिकवते. मला तिथं आणलं होतं ताराबाईंनी. त्यांची मुलगी मनिषा माझ्या वर्गात होती. घरी पुढच्या खोलीत पॉवरलूम, मागच्या खोलीत संसार. शाळेतून आली की मनिषा मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसायची आणि मागाच्या खडखडाटातच पुस्तक उघडायची. प्रिपरेटरी, म्हणजे बोर्डाआधीच्या सराव परीक्षेत ती विज्ञानात नापास झाली. तेव्हा ताराबाई माझ्या घरी येऊन म्हणाल्या, "बाई, तुमी संगट चला. देवीला धड्यांची नावं सांगायची असतात. मला ती उच्चारता येत न्हाईत." मी गेले. नावं सांगायला नव्हे, बघायला.

आत एक शेंदूर फासलेला उभा दगड. तीच शारदा. शेजारी शारदाआप्पा. याचं मूळ नाव रवळू. पूर्वी एका खाजगी क्लासच्या जाहिरातीची रिक्षा फिरवायचा. रिक्षा गेली, भोंगा घशात राहिला.

"बाळांनो, मेंदू म्हंजे घागर. सगळं पुस्तक वतलं की ती फुटतीया. शारदा म्हनती, निम्मीच भर. सरकारचा पेपर फुटला तर पोलीस येतात, शारदेच्या दरबारात फुटला तर मार्क येतात."

लोक माना डोलवत होते. कन्नड घरातलं कुणी आलं की हाच भोंगा कन्नडात वाजायचा.

मनिषाचा नंबर आला. आप्पानं मायेनं विचारलं, "कुठला धडा जड जातोय गं?"

"विजेचा."

"देवीलाच इचारू." त्यानं तांब्यात बोट बुडवलं, नैवेद्याच्या गुळाला हात लावून कपाळाला नेला, आणि कण्हेरीच्या दोन कळ्या दगडाच्या दोन खांद्यांना चिकटवल्या. उजवी पडली तर धडा परीक्षेत येणार, डावी पडली तर येणार नाही. समईच्या उजेडात सगळे कळ्यांकडे टक लावून बसले. थोड्या वेळानं डावी कळी पडली.

"बंद. देवीनं धडा बंद केला. आता तो उघडू नको. उघडलास तर बाकीचं बी इसरशील."

मी मनिषाच्या चेहऱ्याकडे बघितलं. कित्येक महिन्यांनी ती मोकळा श्वास घेत होती.

मी विचारलं, "आप्पा, पेपर बेंगळूरला काढतात. तो देवीला कसा कळला?"

"टीचर, तुमी शिकवा. निवडायचं काम आमच्याकडं द्या." रांग हसली. पुढचा नारळ फुटला.

सोमवारी वर्गात मी विचारलं, "आप्पांकडे कोण कोण जाऊन आलं?" एकेक करत निम्म्याहून जास्त हात वर आले.

"विजेचा धडा ज्यांना डावा पडला त्यांनी डाव्या भिंतीला उभं राहा. उजवा पडला त्यांनी उजव्या."

जाऊन आलेली पोरं दोन भिंतींना विभागली गेली. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. पेपर एकच, देवी एकच, आणि धडा निम्म्यांना येणार, निम्म्यांना नाही.

"आता डाव्या भिंतीवाल्यांनी सांगा. वीज जड जाते, असं आप्पांना कुणी सांगितलं होतं?"

सगळ्यांचे हात वर गेले. उजव्या बाजूचा एकही नाही.

"म्हणजे बाई," युवराज म्हणाला, "आम्हाला जे नको हुतं तेच बंद केलं त्यानं."

पुढच्या बाकावरची सौम्या मावशीबरोबर नुसती जाऊन आली होती, विजेचा धडा तिनं विचारला नव्हता. ती उठून म्हणाली, "बाई, मी लई येळ बसलेतो तिथं. जी कळी चिकटून ऱ्हायची, तिलाच मुंग्या लागायच्या. पडलेल्या कळीला कधीच न्हाईत."

मी शिपायाला पाठवून गूळ आणि शाळेच्या कुंपणावरच्या कण्हेरीच्या कळ्या आणवल्या. एक कळी पाण्यानं फळ्याला चिकटवली, एक गुळाच्या बोटानं. पाणी सुकलं, पहिली कळी पडली. दुसरी तास संपला तरी जागेवर होती. मग सौम्यानं येऊन पाण्याचं आणि गुळाचं बोट आलटूनपालटून लावलं आणि वर्ग सांगेल त्या बाजूची कळी पाडून दाखवली. पोरं खूप हसली. मनिषाही हसली. मला वाटलं, संपलं.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट मच्छ्याला पोचली आणि आप्पाचं उत्तरही आलं. "शारदा ज्याच्या त्याच्या नशिबाचं देती. एकाला बंद, दुसऱ्याला उघडा. आनि बाईंनी गूळ लावला म्हंजे आमी बी लावतो, असं हाय का?" या उत्तरानं लोकांचं समाधान झालं. दुसऱ्या दिवशी पालक शाळेत आले. हेडमास्तर मारुतीराव मला खोलीत बोलावून म्हणाले, "बाई, तुमचं खरं आहे. पण परीक्षा तोंडावर आहे. मुलांचं मन मोडू नका."

"मन कोण मोडतंय, सर?"

त्यांनी पुढ्यातलं हजेरीपत्रक उघडलं.

मी मनिषाला शाळा भरण्याआधी बोलवायला लागले. ती तोच परिच्छेद दहादा वाचायची आणि झालं म्हणायची. मी पुस्तक मिटून सांगायचे, "आता आठवेल ते लिही." कागद कोराच राहायचा. मग पुन्हा बघायचं, पुन्हा मिटून लिहायचं. तेच दोन दिवसांनी परत. आठवड्यानं त्यावर जुन्या पेपरातला प्रश्न, घड्याळ लावून. विजेच्या धड्यातली आकृती तिला एका सकाळी न बघता काढता आली. तिनं ती पुस्तकातल्या आकृतीशी ताडून बघितली आणि पुन्हा एकदा काढली.

"आता कळलं ना, कळीत काही नव्हतं?" मी विचारलं.

"ते त्या दिवशीच कळलंतं, बाई." ती पेन्सिल खाली ठेवत म्हणाली. "पन सगळं करायला मला येळच न्हाय. कुनीतरी 'हे सोड' म्हटलं की बरं वाटतंय. तुमी कधी सोड म्हनत न्हाय."

"थोडं थोडं करू," मी म्हणाले.

ते थोडंही झालं नाही. तिच्या दप्तरात विजेची आकृती ताराबाईंना सापडली. बंद केलेला धडा पोरीनं उघडला होता. देवी कोपू नये म्हणून ताराबाईंनी उपास धरला आणि मनिषाचं लवकर येणं थांबलं. मी घरी गेले. परशरामनं, तिच्या वडलांनी, माग थांबवला, स्टूल दिलं, चहा दिला. "बाई, तुमी चांगल्यासाठीच सांगताय. पन तिची आई जेवंना झालीया. मी काय करू?" मनिषा कांड्या भरत होती.

मार्चमध्ये विज्ञानाच्या पेपरात विजेवर मोठा प्रश्न आला. तो दरवर्षीच येतो, त्याला देवी लागत नाही. मनिषानं तो सोडून दिला. नंतर मला सांगितलं, "आकृती आठवत हुती, बाई. काढायला भ्या वाटलं. बाकीचं इसरलं तर?"

ती थोडक्यात नापास झाली. डाव्या भिंतीचे आणखी काहीजणही नापास झाले. त्यांच्यातल्या एकाही घरातून कुणी मच्छ्याला जाब विचारायला गेलं नाही. अपयशाची लाज ज्याची त्यानं घरात ठेवली. सौम्याला मात्र चांगले मार्क पडले. तिनं सगळे धडे केले होते. महिन्याभरात शेडवर नवा फलक लागला, त्यावर तिचा हसरा फोटो, 'आप्पांच्या कृपेनं'. मी तिच्या मावशीला विचारलं. ती म्हणाली, "असू दे की बाई. देवीचं नाव हाय, काढा कसं म्हनायचं?"

नापासांना लगेच दुसऱ्यांदा परीक्षेला बसता येतं. अर्ज भरायची मुदत होती तोवर मी पुन्हा मनिषाच्या घरी गेले. मनिषा मागावर उभी होती, तुटलेला धागा जोडत. मी म्हटलं, "एकच विषय आहे. मी रोज येते तुझ्या घरी, तुला यायला नको."

"आई कालच मच्छ्याला जाऊन आली," ती म्हणाली. "परीक्षेला बसू का, इचारलं."

"मग?"

"डावी पडली."

तिनं गाठ मारली आणि माग सुरू केला.

तुमच्या घरात दहावीचं मूल असेल तर मला एवढंच सांगायचंय. पेपरात काय येणार ते कुठल्याही दगडाला, कळीला, आप्पाला माहीत नसतं. पुस्तक मिटून काय आठवतं, हे मात्र मुलाला कळू शकतं, आजच, एका कागदावर. त्याला एक शांत कोपरा द्या, थोडा वेळ द्या, आणि जड जाणारा धडा आधी उघडायला सांगा. भीती वाटते तो धडा बंद करून देणारा माणूस तुमच्या मुलाला काहीच देत नाही. मी हे आता प्रत्येक पालकसभेत सांगते. लोक ऐकून घेतात. सभा संपली की कोणी ना कोणी दाराशी थांबून हळूच विचारतं, "बाई, मच्छ्याला जायला बस कुठली?"