बायकोचं नाक

विसाव्या शतकात चित्रकलेतून माणसाचा चेहरा कायमचा हद्दपार झाला आणि या थोर कार्यात आपल्या गोष्टीतले चित्रकार आघाडीवर होते. सुरुवात त्यांनी घरातूनच केली. बायकोला खिडकीजवळच्या स्टुलावर बसवलं आणि तिचे तीन त्रिकोण केले.

पुढची चाळीस वर्षं ती त्या स्टुलावर बसत आली. शिवाय चौकटीवर कॅनव्हास ताणायचा, खिळे ठोकायचे, सरस-खडूचा लेप देऊन घासायचा, हेही तिच्याकडेच. चित्रकारांना खिळा ठोकता येत नसे. ते काम क्रांतीत बसत नव्हतं.

मोठ्या संग्रहालयाने त्यांचं आयुष्यभराचं काम मांडायचं ठरवलं, तेव्हा तिने हातोडी खाली ठेवली.

"अहो, माझी सत्तावन्न चित्रं लागणार तिथे. एक तरी माझ्यासारखं काढा."

"सगळी तुझ्यासारखीच आहेत. तुझं अंतरंग आहे त्यांत."

"अंतरंग डॉक्टरांनी बघितलंय. मला नाक हवंय. आधी नाक कबूल करा, मग कॅनव्हास ताणते."

चित्रकारांनी दोन दिवस तत्त्वज्ञान झाडलं. तिसऱ्या दिवशी स्वतःच खिळा ठोकायला गेले आणि अंगठा सुजवून शरण आले.

बारा दिवस ती ठेवणीतलं नेसून बसली. समोर नाक काढलं जाई, खरवडलं जाई, पुन्हा काढलं जाई. हळूहळू तिच्या ध्यानात आलं, की नाक न काढणं हा यांचा सिद्धांत नव्हता, नाइलाज होता. मग तिने त्यांना सोपं जावं म्हणून हनुवटी तेवढी जरा वर केली.

उद्घाटनाला समीक्षक त्या चित्रापुढे हेलावून गेले. "स्वतःच्याच शैलीची केवढी क्रूर थट्टा!" चित्राला नाव द्यायचा मात्र चित्रकारांना धीर झाला नव्हता, संग्रहालयाचा कारकून कोरी पाटी घेऊन ताटकळत होता.

तेवढ्यात तिची धाकटी बहीण आली. चष्मा पुसून तिने चित्र नीट न्याहाळलं.

"ताई, भाऊजींनी आपला मामा काय हुबेहूब काढलाय गं!"

चित्रकारांचे कान लाल झाले. बायकोने एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"हो ना," ती म्हणाली. "फार जीव होता यांचा मामावर."

कारकुनाने लगेच पेनाचं टोपण काढलं.

चित्र अजून तिथेच आहे. खाली पाटी आहे : 'पत्नीचे मामा. तैलरंग. सत्तर बाय पन्नास सेंटिमीटर.'