बोटाची जागा

चुका काढणं हा माझा एकतीस वर्षांचा धंदा. कपड्यांच्या कारखान्यात मी तपासणीच्या टेबलावर होते. डोक्यावर ट्यूबलाइट, समोर तयार कपडा आणि हाताशी लाल बाणांच्या स्टिकरची गुंडाळी. शिलाई सुटली, लाव बाण. काज तिरकं, लाव बाण. माझ्या हाताखालून एकही वाकडा कपडा बाहेर गेला नाही, असं मी म्हणत नाही, आमचे सुपरवायझर म्हणायचे. शिवणाऱ्या बायका मला बाणाबाई म्हणायच्या. मला ते ऐकू येत नाही असं त्यांना वाटायचं.

घरी आले की मी विणायची. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका बघून डोळे विटायचे, मग आपल्या हातून काहीतरी बिनचूक उतरताना बघितलं की बरं वाटायचं. विणते ते लहान मुलांचंच. मोठ्यांच्या स्वेटरला महिना जातो आणि घातल्यावर ते म्हणतात, काखेत जरा टोचतोय. मुलांचं चार दिवसांत सुईवरून उतरतं. आमच्या इमारतीतल्या झाडून सगळ्या बाळांनी माझी टोपी घातली आहे. काहींनी रडत घातली, पण घातली.

त्यामुळे माझ्या मुलाने आणि सुनेने मुलगी दत्तक घ्यायचं ठरवलं तेव्हा कागदपत्रांच्या मागे ते लागले आणि लोकरीच्या मागे मी. ती येईपर्यंत माझे सहा स्वेटर तयार होते. एकावर बदकं होती. बदकांच्या चोचीसुद्धा एका रेषेत होत्या.

ती आली साडेतीन वर्षांची, एक हात सुनेच्या हातात देऊन. खरं सांगते, तिच्या तोंडाकडे बघायच्या आधी मी तिच्या स्वेटरकडे बघितलं. संस्थेतल्या कोणीतरी उरल्यासुरल्या लोकरीतून विणलेला. अंग विटकरी, खांदे पिवळे, बाह्या राखाडी. डावी बाही उजवीपेक्षा दोन बोटं लांब. गळ्याशी टाके घट्ट, पोटाशी ढिले. आणि डाव्या बाजूला, खालच्या पट्टीच्या जरा वर, चक्क एक भोक. दारात उभ्या उभ्याच मी मनातल्या मनात अकरा बाण लावले.

पोर इतकी गुपचूप वावरायची की मुलाने दुसऱ्याच दिवशी तिचं नाव मुंगी ठेवलं. दिलं ते खायची, सांगितलं ते करायची. पण सकाळी उठली की आधी पायात बूट चढवायची आणि दाराशी, चपलांच्या रॅकजवळच्या स्टुलावर जाऊन बसायची. आपल्याला परत न्यायला कोणीतरी येणार आणि त्यांचा खोळंबा होऊ नये, अशी तयारी असायची तिची. सून एकदा मला म्हणाली, "आई, ती रडली असती तरी परवडलं असतं."

माझे स्वेटर मी एकेक करून तिच्यापुढे ठेवले. ती प्रत्येकावरून हात फिरवायची, नीट घडी करून परत द्यायची आणि म्हणायची, "छान आहे." कारखान्यात सभ्यपणे माल परत पाठवणारे लोक मी पुष्कळ पाहिले होते, पण इतकं सभ्य कोणी नव्हतं. सहाही स्वेटर कपाटात गेले.

दोन महिने असे गेले. मग ती माझ्या सुयांकडे बघायला लागली. आधी लांबून, मग सोफ्याच्या टोकाला बसून. मी लोकरीचा गुंडा तिच्या हातात दिला, धागा सोडायचं काम तुझं म्हटलं. ती जबाबदारीने तो धरून बसायची. एका दुपारी गुंडा संपला तेव्हा मान वर करून म्हणाली, "आजी, संपला." मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आले आणि दुसरा गुंडा दिला. त्याच आठवड्यात तिने बूट काढून ठेवले. रोज सकाळी मी आधी रॅककडे बघायची. बूट तिथे असले की मला चहा गोड लागायचा.

विटकरी स्वेटर मात्र अंगावरून उतरत नव्हता. शाळेत युनिफॉर्मचा घालावा लागायचा म्हणून तेवढा वेळ तो तिच्या उशीवर घडी करून असायचा. पण पोर वाढत होती आणि स्वेटर पोटावर पुरेनासा झाला होता.

"आई, खालून चार बोटं वाढवता येईल का?" सुनेने विचारलं. "बाकी कशाला हात लावू नका हं."

"मला शिकवू नकोस," मी म्हटलं.

शाळेची सहल होती त्या दिवशी मी तो हातात घेतला. सात तास हाताशी होते. स्वेटर खालून वाढवायचा तर मधला एक टाका कापायचा, ती ओळ सोडवायची, खालचा भाग वेगळा काढायचा आणि मोकळे झालेले टाके सुईवर घेऊन खालच्या दिशेने विणत जायचं. भोकाच्या खालून कापलं असतं तरी चाललं असतं. मी वरून कापलं.

का, ते मला तेव्हाही माहीत होतं. भोक दिसलं की माझ्या हाताला खाज सुटते, हे एक. दुसरं सांगायला लाज वाटते. त्या गबाळ्या स्वेटरने माझ्या सहा स्वेटरांना कपाटात बसवलं होतं. निदान त्याचा खालचा भाग तरी माझा असावा, असं मला वाटलं. निघालेली लोकर वाफेवर सरळ केली, तिच्याशी अगदी मिळता विटकरी गुंडा जोडला आणि विणून काढलं. जोड कुठे आहे ते मलाच सापडेना. मी स्वतःवर बेहद्द खूश झाले.

मुंगी सहलीहून आली, हातपाय धुतले, स्वेटर घातला. तिचा डावा हात सवयीने बाजूला गेला. बोट फिरलं. परत फिरलं. तिने मान वाकवून बघितलं, स्वेटरची कड उलटी करून आतून बघितलं. मग तो अंगातून काढला, घडी घातली आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"हा माझा नाही," ती म्हणाली.

रडली नाही. बूट घातले आणि दाराशी स्टुलावर जाऊन बसली. सून तिच्याजवळ खाली बसली तेव्हा तिने विचारलं, "घरी कधी जायचं?"

सुनेने माझ्याकडे बघितलंही नाही. ती फक्त म्हणाली, "एवढंच सांगितलं होतं मी तुम्हाला, आई." मुलगा कामावरून आल्यावर त्याने मला बाजूला घेतलं. "अगं, झोपताना तिचं बोट त्या भोकात असायचं. बोट आत गेलं की दोन मिनिटांत झोपते. तुला माहीत नव्हतं?"

नव्हतं माहीत. ती त्यांच्या खोलीत झोपायची. पण दिवसाही शंभरदा तिचा हात तिथे जात असणार आणि मी तो पाहिलाच असणार. स्वेटर मी इतक्या वेळा तपासला होता, त्याच्या आत पोर होती याकडे माझं लक्षच नव्हतं.

मग सुरू झाली माझी भोकं पाडायची मोहीम. आयुष्यभर जे बुजवलं ते आता मुद्दाम करायचं. मी खालून उसवत वर गेले, बरोबर त्याच जागी एक टाका गाळला आणि परत विणलं. मुंगीने बोट घातलं, काढलं, मान हलवली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत असताना दोन टाके बंद करून पुढच्या ओळीत दोन वाढवले, काजासारखं. पुन्हा मान हलली. तिसरं भोक मी जुन्या फोटोतून माप घेऊन केलं. माझ्या मते ते हुबेहूब होतं. तिने बोट घातलं, क्षणभर ठेवलंही, आणि मग हळूच म्हणाली, "छान आहे."

ते ऐकून मी हातातल्या सुया टाकल्या. "आजी" ती त्या दिवसापासून म्हणाली नव्हती. बूट तर पायातून निघतच नव्हते. ती झोपल्यावर सून ते काढायची, सकाळी ते परत पायात. माझ्या हट्टापायी ही पोर पुन्हा दाराशी गेली होती, आणि ती तिथून कधीच उठली नाही तर मी कोणाला तोंड दाखवणार होते?

मुलाने संस्थेत फोन करून विचारलं. तो स्वेटर तिथल्या धुण्याच्या खोलीतल्या मावशींनी विणला होता. मी स्वेटर पिशवीत घातला आणि बस पकडली.

मावशी माझ्याच वयाच्या, अंगाने दुप्पट. टेबलावर चादरींचा ढीग आणि त्या एकट्या घड्या घालत होत्या. मी कोण ते सांगितलं. त्यांनी आधी मुंगी जेवते का ते विचारलं, खोकला येतो का ते विचारलं, आणि मग स्वेटर हातात घेतला.

"खालचं कोणी केलं? मशीनवरचं वाटतंय."

मी खूश होणार तेवढ्यात लक्षात आलं की हे कौतुक नाही.

"मीच. एक भोक होतं तिथे. ते बुजवलं आणि आता काही केल्या तसं जमत नाहीये. तुमचा टाका नेमका कसा गळला होता?"

"गळला?" मावशी हसायला लागल्या. "अहो, माझे दहा टाके गळतील, पण ते भोक काही गळलेलं नाही. दुपारी हिला झोप यायची नाही. मी इथे विणत बसायची, ही मांडीवर. सारखी सुयांमध्ये लुडबुड. एकदा घातलं बोट लोकरीत आणि तशीच झोपून गेली. काढायला गेले तर चुळबुळ करायला लागली. म्हटलं, राहू दे बाई. बोटाला वळसा घातला आणि पुढे विणत गेले. ती उठेपर्यंत सहा-सात ओळी झाल्या होत्या. उठली, बोट काढलं, ते भोक राहिलं."

"मग उसवलं का नाही?" माझ्या तोंडातून गेलंच.

"कशाला? तिचं होतं ते."

मी स्वेटर परत पिशवीत ठेवला. मग म्हटलं, "मी तीनदा केलं. शेवटचं तर अगदी मापात होतं."

"तुम्ही विणत होता तेव्हा ती कुठे होती?"

"शाळेत."

मावशींनी चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली. "मग कसं जमायचं?" त्या म्हणाल्या. आम्ही दोघींनी मिळून ढीग संपवला. निघताना त्यांनी मुंगीसाठी काही दिलं नाही, फक्त म्हणाल्या, "बोट आता मोठं झालं असेल तिचं. तेवढं लक्षात ठेवा."

रविवारी सकाळी मी सोफ्यावर बसले आणि माझं काम उसवायला घेतलं. मुंगी स्टुलावरून बघत होती. सर्र सर्र धागा निघत होता. बिनचूक विणलेलं उसवायलाही फार सोपं जातं.

"मुंगे, मला मदत लागणार आहे," मी म्हटलं. "हे माझ्या एकटीच्यानं होत नाही."

ती हलली नाही.

"मी तुझी जागा बुजवली. तुला विचारायला हवं होतं, विचारलं नाही. माझं चुकलं." एकतीस वर्षांत हे वाक्य मी टेबलाच्या माझ्या बाजूने कधी बोलले नव्हते. माझा आवाज चिरकला, तो चिरकू दिला.

बऱ्याच वेळाने ती उठली. बुटांसकट आली आणि माझ्या मांडीवर चढून बसली, जरा ताठच. तिचं डोकं माझ्या हनुवटीखाली आल्यामुळे मला टाके धड दिसेनात. मी अंदाजाने विणत गेले. ती जागा आली तसं मी थांबले.

"दे बोट."

तिने डाव्या हाताचं पहिलं बोट पुढे केलं आणि लोकरीत घातलं. मी धागा बोटाच्या अलीकडून नेला, पलीकडून आणला. टाके ओढले गेले, वाकडे झाले. पुढच्या ओळीत ते आणखी वाकडे झाले. माझ्या हातांना ते सोसवत नव्हतं, पण बोट ऊबदार होतं आणि सुई दरवेळी त्याला घासून जात होती. चौथ्या ओळीला तिची पाठ सैल पडली. पाचव्या ओळीला तिने सगळा भार माझ्यावर टाकला.

सून दारात येऊन उभी राहिली होती. तिने खुणेने विचारलं, झोपली का? मी मान हलवून नाही म्हटलं.

तेवढ्यात खाली चर्रकन आवाज झाला. मुंगीने मोकळ्या हाताने बुटाचा वेल्क्रोचा पट्टा ओढून सोडवला होता. पायाने पाय घासून तिने एक बूट खाली पाडला. मग दुसऱ्याचा पट्टा सोडवला. तोही पडला. सून पुढे आली आणि बूट उचलून तिने रॅकमध्ये ठेवले.

"आजी," मुंगी म्हणाली, "हलू नकोस."

मी हलले नाही. टाके मोजत राहिले आणि दोनदा चुकले. ते तसेच ठेवले.