चौथी खुर्ची

डेलब्रिजने टेक्सासच्या वाळवंटात स्वतःच्या पैशाने यानांचा तळ उभारला होता, आणि तिथे लिओना बाका नावाची प्रशिक्षक धनवानांना अंतराळवीर बनवायची. बनवायची म्हणजे त्यांना खुर्चीत बसून राहायला शिकवायची. यान आपलं आपण वर जाई, आपलं आपण खाली येई. दहा मिनिटांचा खेळ, आणि मिरवणं जन्मभर.

लिओना स्वतः खरी वैमानिक. सरकारी अंतराळवीरांच्या निवडीत दोनदा अखेरच्या फेरीत बाद झालेली. या श्रीमंत बाळांचे लाड ती इतकी वर्षं पुरवत होती ते डेलब्रिजच्या एका शब्दावर: ऐन वेळी कुणी गळालं, तर ती खुर्ची तुझी.

एका सकाळी चार प्रवाशांपैकी एक बाई यानाच्या जिन्यावरच घामाघूम होऊन माघारी फिरल्या. लिओनाने तडक पोशाख चढवला. आनंदाने तिला चेन लावता येईना.

"अगं, हे काय सोंग?" डेलब्रिज म्हणाला.

"साहेब, तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता गं. पण तू फुकट गेलीस, तर या लोकांनी एवढे पैसे कशाचे मोजले? उद्या आचारीपण रांगेत उभा राहील."

"म्हणजे खुर्ची रिकामी पाठवणार?"

"रिकामी कशी? तोल जाईल की. वाळूच्या थैल्या बांध तिथे. आणि घट्ट बांध हं!"

तिने घट्ट बांधल्या. पोशाख उतरवला.

यान परत उतरलं, तेव्हा गाद्या विकून गबर झालेला रस्क डोळे पुसतच बाहेर आला. "पृथ्वी केवढीशी दिसते हो!" तो वार्ताहरांना सांगू लागला. लिओनाने त्याला पडद्यावर पाहिलं होतं. लेकाने वर सगळा वेळ डोळे गच्च मिटले होते.

डेलब्रिजने अंतराळवीरांचे चांदीचे बिल्ले आणले. तिघांच्या छातीवर तीन लागले, चौथा उरला. लिओनाने तो उचलला, यानातली एक थैली काढून रस्कशेजारी ठेवली आणि सगळ्या कॅमेऱ्यांसमोर तिला बिल्ला टोचला. वाळू रस्कच्या बुटांवर सांडू लागली.

"डोकं फिरलंय का तुझं?" डेलब्रिज ओरडला.

"का? ही पण जाऊन आली ना, साहेब? यांच्याइतकंच काम केलंय तिनं."

वार्ताहर खो खो हसले. लिओना मान ताठ ठेवून गाडीत बसली. तळाच्या फाटकाबाहेर मात्र तिला गाडी थांबवावी लागली. थैलीसुद्धा जाऊन आली होती, आणि आता लिओनाला मात्र वर कुणीच नेणार नव्हतं.