मधले दात

मित्रांनो, गाडीत बसल्यावर तुम्हाला स्टिअरिंगचे चाक दिसते. मी दिसत नाही. मी त्याच्या बराच खाली, इंजिनाच्या मागे आडवा बसवलेला असतो. मी एक जुना स्टिअरिंग रॅक आहे. आता मात्र मी गाडीत नाही. शेडमधल्या फळीवर, रंगाच्या वाळलेल्या डब्यांशेजारी आहे.

माझी रचना साधी आहे. एक नळी, नळीत एक पोलादी दांडा आणि दांड्यावर ओळीने दात. तुम्ही चाक फिरवले की वरून आलेले छोटे दातेरी चाक माझ्या दातांवरून फिरते, दांडा डावीउजवीकडे सरकतो आणि गाडीची पुढची चाके वळतात. कारखान्यात एका तपासनीस बाईंनी माझ्या दातांवरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "हा चोख आहे." हे कौतुक मी फार वर्षे मिरवले.

एक गोष्ट मला नंतर कळली. माझे सगळे दात सारखे राबत नाहीत. गाडी बहुतेक वेळ सरळच जाते, म्हणून सगळे काम मधल्या दातांवर पडते. टोकाचे दात मोठ्या वळणापुरते जागे होतात आणि पुन्हा आराम करतात.

ज्या घरी मी आलो तिथे गाडी मुख्यतः आई चालवायची. शहराबाहेरच्या एका रोपवाटिकेत ती कलमे बांधायची. तिथवरचा रस्ता लांब आणि सरळ. मागच्या सीटवर रोपांचे ट्रे असायचे आणि आई चाक इतक्या हलक्या हाताने धरायची की मला तिचे नुसते बोट हललेले कळायचे. बाबांचे ऑफिस चालत जाण्याइतके जवळ होते. ते गाडी काढायचे ती बाजारापुरती, गल्ल्यांमधून वळत वळत.

आत धूळ जाऊ नये म्हणून माझ्या दोन्ही टोकांना घड्यांचे रबरी बूट असतात. त्यातला एक फाटला. मेकॅनिकने तो बोटाने उचलून दाखवला. "साहेब, एवढं रबर बदलून टाका."

"चालतंय ना? मग पुढच्या वेळी बघू," बाबा म्हणाले.

पुढची वेळ आलीच नाही. फटीतून पाणी आले, माती आली, ग्रीस धुऊन गेले. मधले दात झिजू लागले. सरळ रस्त्यावर आईने चाक किंचित फिरवले, तर मी आधी हलायचोच नाही. मग एकदम, हवे त्यापेक्षा जास्त सरकायचो.

"अहो, गाडी भरकटते," आई म्हणाली. "चाक फिरवलं तरी आधी काहीच होत नाही."

बाबा तपासायला निघाले. फाटकासमोर त्यांनी चाक पार या टोकाला नेले, पार त्या टोकाला नेले. गल्लीला एक वळसा घातला. मित्रांनो, टोकाचे माझे दात नव्यासारखे होते. बाबांपुढे मी इतका शहाण्यासारखा वागलो की त्याची आजही लाज वाटते.

"काही झालेलं नाही हिला," बाबा उतरत म्हणाले. "तुझा हातच सैल पडतो."

त्यांची लेक कॉलेजात होती. घरात सगळे तिला गुंडी म्हणत. ती ओट्यावरून हसून म्हणाली, "आई नाही चालवत, आई नक्षी काढते!"

आईसुद्धा हसली. पण दुसऱ्या दिवसापासून तिने चाक घट्ट आवळून धरायला सुरुवात केली.

मग तो अरुंद पूल आला. समोरून ट्रक येत होता. आईने अगदी वेळेवर, अगदी हवे तेवढे चाक वळवले. मी उशीर केला आणि मग एकदम सरकलो. गाडी कठड्याला घासली. दिवा फुटला, ट्रे उलटले, सीटभर माती झाली. कोणाला लागले नाही. घरी बाबा ओरडले नाहीत, नुसते म्हणाले, "मी म्हणत नव्हतो?" आईने किल्ली खिळ्याला अडकवली आणि परत काढली नाही. रोपवाटिकेला थेट बस नव्हती. कलमांचे टेबल सोडून ती रोपवाटिकेच्याच शहरातल्या दुकानात कुंड्या विकायला बसू लागली.

मी ओरडून सांगायला हवे होते. पण मला आवाज होता तो फक्त खडखडण्याचा. तेवढा मी केला. तो मात्र बाबांनी ऐकला, कारण तो गल्लीतल्या खड्ड्यांवरही येत होता.

"रॅक गेलाय," मेकॅनिक म्हणाला. बाबांनी नवा आणला आणि घरीच बसवायचे ठरवले. रविवारी शेडमध्ये गाडी जॅकने उचलून स्टँडवर ठेवली. पुढची चाके काढली. गुंडी मोबाइलमध्ये बघून पुढची पायरी सांगत होती, आई उजेडासाठी बॅटरी धरून उभी होती. गंजलेल्या नटांनी बाबांचा घाम काढला.

"अजून एक शिवी द्या, मग निघेल," आई म्हणाली.

शेवटी मी चाकाच्या बाजूने बाहेर सरकलो. नवा रॅक लगेच आत घालायला बाबा वाकले, तेवढ्यात गुंडी म्हणाली, "थांबा बाबा! आधी त्याचा मध्य काढायचाय. नाहीतर गाडी सरळ आणि स्टिअरिंग वाकडं. या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आणि अर्ध्यावर आणा."

"आधी जुन्यावर करून बघतो," बाबा म्हणाले.

त्यांनी मला मांडीवर घेतले आणि माझे छोटे चाक फिरवू लागले. टोकाला मी घट्ट. मग मध्य आला आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी छोटे चाक मागेपुढे हलवले. टक, टक. दांडा जागचा हलला नाही. ते पुन्हा टोकाला गेले, पुन्हा मध्ये आले. टक, टक.

"काय झालं?" आईने विचारले.

"हा मध्येच सैल आहे." बाबा वर बघत नव्हते. "टोकाला काही नाही. फक्त सरळ जाताना."

गुंडीने मोबाइल खाली ठेवला.

"मी हेच सांगत होते," आई म्हणाली.

"हो."

"किती वेळा सांगितलं."

"हो गं. मी चुकलो. मी नको तिथे तपासत बसलो."

आईने बॅटरी दुसऱ्या हातात घेतली. "आधी नवीन बसवा," ती म्हणाली. "उजेड पडतोय ना नीट?"

चाकांची अलाइनमेंट करून गाडी घरी आली, तेव्हा बाबांनी किल्ली आईपुढे धरली. तिने ती लगेच घेतली नाही. मग म्हणाली, "शेजारी बसा. आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही."

आता ती आठवड्यातून दोनदा रोपवाटिकेत जाते. तिच्या टेबलावर दुसरी बाई बसते. आई कोपऱ्यातल्या स्टुलावर कलमे बांधते. मला भंगारात घालायला बाबांनी नकार दिला. परवा मामा आले होते. "ताई चालवणार? मग मी चालतच येतो!" ते म्हणाले. बाबा उठले, मला फळीवरून काढून मामांच्या हातात दिले आणि म्हणाले, "फिरव. टोकाला नको. मध्ये फिरव."

मित्रांनो, फाटलेले रबर आजच बदला. ते फार छोटे काम आहे. आणि कोणी पुन्हा पुन्हा काही बिघडल्याचे सांगत असेल, तर तुम्हाला सोयीचे असेल तिथे तपासू नका. त्याला जिथे त्रास होतो तिथे जाऊन बघा.

नवा रॅक चोख आहे. रोपवाटिकेच्या दिवशी संध्याकाळी गाडी शेडमध्ये येते आणि काचेतून मला आईचे हात दिसतात. गाडी थांबलेली असते, इंजिन बंद झालेले असते. तरी चाकावरची तिची पकड सुटायला जरा वेळ लागतो.