पिठात खुपसलेले हात

मित्रांनो, हसू नका. मी एक जुनं, अर्धवट जळालेलं लाकडी फावडं आहे. माती उकरायचं नव्हे, तुरुंगाच्या बेकरीत भट्टीत पाव सारायचं. तरुणपणी माझा दांडा इतका लांब होता की पाव सारता सारता मी भिंतीपलीकडचे कावळेही हाकलत असे. खोटं वाटलं तर कावळ्यांना विचारा.

मला सांभाळी भट्टीमामा, जन्मठेपेचा म्हातारा कैदी. पोटच्या पोराला माखावं तसा तो मला तेल माखी. त्याच्या हाताखाली शांतोबा पीठ मळी. नावाचाच शांतोबा, आल्या आल्या त्याने दोघांचे जबडे निखळवले होते. मग त्याच्या आईचा निरोप आला, "मी मरायची थांबलेय. तू हात आवर आणि लवकर सुटून ये." चांगलं वागलं की शिक्षेत सूट मिळते; एक मारामारी केली की साठवलेली सगळी सूट जाते. त्या दिवसापासून शांतोबाने हात आवरले.

पण आतली रीत उफराटी. ज्याची सुटका जवळ आली त्याला झोडपणं सगळ्यात सोपं, कारण तो उलटून मारत नाही. त्या दोन जबड्यांतला एक हातोडा नावाच्या कैद्याचा होता. त्याची स्वतःची सूट कधीच बुडाली होती, त्यामुळे त्याला भीती कशाची? कधी तो पोटात गुडघा घाली, कधी पायावर उकळतं पाणी ओती. एकदा त्याने शांतोबाचा दात पाडला. तो पावात भाजून निघाला आणि तुरुंगाधिकाऱ्याच्या ताटात गेला. साहेब म्हणे बदाम समजून चघळत बसले होते.

शांतोबा दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात खुपसून मार खाई आणि हातांनाच बजावी, "इथंच राहा रे बाबांनो."

सुटकेच्या आदल्या दिवशी हातोड्याने त्याची मान धरून तोंड भट्टीत रेटलं. भुवया चरचरल्या. "आता हे तोंड दाखव आईला," तो म्हणाला.

तेव्हा पिठातले हात बाहेर आले आणि त्यांनी मला उगारलं.

मामाने मला वरच्यावर हिसकावलं आणि हातोड्याच्या खांद्यावर घातलं. हाड मोडलं, मीही मोडलं. आवाज असा की फुगणारे पाव जागीच बसले. हातोडा खाली कोसळला. मामाने दांड्याकडे पाहिलं. त्यावर शांतोबाची पिठाळ बोटं उमटली होती. बाहेर बूट वाजले. मामाने माझा दांडा आगीत सारला.

"कोणी मारलं?" शिपायाने विचारलं.

"मी," मामा म्हणाला. "हा मळत होता. हात बघा की त्याचे."

शांतोबाचे हात पुन्हा पिठात होते.

म्हाताऱ्याने इतकी वर्षं साठवलेली सगळी सूट गेली. शांतोबा सुटला. पुढे तो भेटीला येऊन गेला, तेव्हा मामाने मला सगळं सांगितलं. आईने दारातच त्याच्या थोबाडीत दोन दिल्या, उशीर केलास म्हणून. त्याने हात मागे बांधून त्या खाल्ल्या. मगच तिने त्याला पोटाशी धरलं.

मामाने मला नवा, आखूड दांडा बसवलाय. कावळे आता माजलेत. मित्रांनो, मला तेल माखायला विसरलात तरी चालेल. पण हात आवरून मार खाणारा कोणी दिसला, तर त्याला भित्रा म्हणू नका. वेळेवर धावून जा. त्या दिवशी बेकरीत आणखी चौघे कैदी पाव मोजत उभे होते.